पाचव्या बदलाची सही

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण त्या नावाने त्यांना आता फक्त पोस्टमन ओळखतो. बाकी जगाला ते पानमोजे. जुन्या कॉम्प्युटरचं मॅन्युअल घेऊन कुणी दारात आलं, की 'या, बसा' म्हणायच्या आधी हे बोटाला रबराची टोपी चढवणार आणि पानं मोजायला लागणार. पाहुणा उंबऱ्यातच उभा. पानं पुरी भरली तर चहा, एखादं कमी निघालं तर चहा आणि बोलणी. भाची लहानपणी त्यांना पायमोजे म्हणायची, ते त्यांनी हसून घेतलं. पण पानांच्या बाबतीत थट्टा चालायची नाही. बायको म्हणते, लग्नाच्या दिवशी यांनी मला मोजून घेतली नाही हेच माझं नशीब.

माणूस एकाहत्तर वर्षांचा. उमेदीची सगळी वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत गेली. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे कपाट. बिघडला तर उचलून आणायची सोय नाही, इंजिनियरनेच पेटी घेऊन त्याच्याकडे जायचं. पेटीत पक्कड विसरली तर शेजारून मागता यायची, मॅन्युअल विसरलं की खेप फुकट. कुठली तार कुठे जाते, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट हवेत, सगळं त्यात. पुढे कंपनीच बसली. शेवटच्या दिवशी कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे नेले. यांनी टेंपो करून सहाशे चाळीस मॅन्युअलं घरी आणली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना. बायको आठ दिवस बोलली नाही, आणि नवव्या दिवशी जे बोलली ते ऐकून यांना वाटलं, गप्प होती तेच बरं होतं.

आतली खोली तेव्हापासून मॅन्युअलांची. चार लोखंडी रॅक, खिडकीला काळा कागद, हवेतली ओल दाखवणारा काटा, मधोमध टेबलावर स्कॅनर. निवृत्तीनंतरची दहा वर्षं रोज सकाळी साडेनऊ ते एक हे त्याच खोलीत. गंजलेल्या पिना काढायच्या, पान काचेवर सरळ ठेवायचं, स्कॅन करायचं, जागच्या जागी परत लावायचं, आणि भाचीने करून दिलेल्या वेबसाइटवर चढवायचं. सगळं फुकट. कितीतरी मशिनं अशी, की बनवणारी कंपनी गेली, छापणारा गेला, आणि पुस्तक उरलं ते एकच, पानमोज्यांच्या रॅकवर. कुठून कुठून पत्रं यायची. एकाने लिहिलं होतं, तुमच्यामुळे माझ्या मशिनने वीस वर्षांनी डोळे उघडले. ते पत्र यांनी फ्रेम केलं नाही इतकंच, बाकी आल्यागेल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं.

काम चांगलंच होतं हो, नाही कोण म्हणतो? पण चांगल्या कामाचाही माज चढतो, तसा यांना चढला होता. जुन्या मशीनवाल्यांचा एक ग्रुप आहे, दोन-अडीचशे माणसांचा. त्यात कुणी अर्धवट मॅन्युअल टाकलं की हे तुटून पडायचे. एक बिचारा दुरुस्तीवाला होता. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता, मोबाइलनेच फोटो काढायचा. एका हाताने पुस्तक दाबून धरायचा, त्यामुळे प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा. पानमोज्यांनी सगळ्यांदेखत त्याचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं. वर लिहिलं, की ज्याला पान जपता येत नाही त्याने मशीनला हात लावू नये. आपल्याकडे काही सुटी पानंही आहेत असं तो म्हणाला, तर सुट्या पानांना रद्दी म्हणतात, असं उत्तर दिलं. लोक हसले. त्या दिवसापासून त्याने ग्रुपवर बोलणं बंद केलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता लॅबवाल्या बाई. एका टेक्निकल कॉलेजात त्या लॅब असिस्टंट. पानमोज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, ओळख सगळी फोनवरची. कॉलेजच्या तळघरात एक कपाटाएवढं मशीन तीस वर्षं धूळ खात पडलेलं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा ते चालू होतं, आणि पहिल्याच दिवशी त्यांना त्याच्यावरची धूळ पुसायला सांगितलं होतं. बटणांना हात लावायचा नाही, ते सरांचं काम, अशी ताकीदही सोबत. निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा बाईंच्या मनाने घेतलं, की जायच्या आधी हे आपल्या हाताने चालू करायचं. मॅन्युअल अर्थातच पानमोज्यांकडे, बाई त्याच्या वेबसाइटवरच्या स्कॅनवरून काम करायच्या. तीन वर्षं आठवड्यातून एकदा तरी फोन यायचा. सर, अठ्ठ्याऐंशी पानावरचा बाण वर आहे की खाली? सर, हा काळा डाग छपाईचा की बिंदूच आहे? हेही तासतासभर समजावून सांगायचे. बाई हातानं सावध, डोक्यानं शांत. आपल्याला मुलगी असती तर अशी असती, असं पानमोजे बायकोला म्हणाले होते, तर बायकोने आठवण करून दिली, की ती बाई अठ्ठावन्न वर्षांची आहे. प्राचार्यांनी मुदत घातली होती: या महिन्यात चालू झालं तर तळघर तुमचं, नाहीतर भंगारवाला.

रविवारी दुपारी फोन आला तेव्हा बाईंचा आवाज बसलेला होता. मशीन जळालं होतं. बटण दाबल्यावर चार सेकंदांत धूर, आणि मेमरीचे चारही बोर्ड काळे. ते बोर्ड आता जगात शोधून सापडायचे नाहीत. एकशे बारा पानावर दिलंय तसाच जंपर बसवला होता, असं त्या सांगत होत्या. जंपर म्हणजे दोन पिनांवर चढवायची नखाएवढी टोपी. वरच्या जोडीवर बसवली तर वीज एका वाटेने जाते, खालच्या जोडीवर बसवली तर दुसऱ्या. पण पुस्तक चुकणार नाही, सर, माझंच काहीतरी चुकलं असणार, असंही त्या म्हणाल्या.

यावर पानमोज्यांनी दोन शब्द धीराचे बोलावेत की नाही? छे! त्यांनी पंधरा मिनिटं शिकवणी घेतली. पान वाचायचं म्हणजे नुसते डोळे फिरवायचे नव्हेत. घाईने आपल्या धंद्यात कुणाचं भलं झालेलं नाही. आमच्या वेळी असलं चालत नव्हतं. बाई पलीकडून हो सर, हो सर म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर हे बायकोला म्हणाले, लोकांच्या हातात पुस्तक दिलं तरी त्यांना वाचता येत नाही.

आणि बाईंची चूक नेमकी कुठे झाली ते बघायला म्हणून त्यांनी ते मॅन्युअल रॅकवरून खाली काढलं.

इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मॅन्युअल एकदा छापलं म्हणजे संपलं असं नसायचं. मशीनमध्ये सुधारणा झाली की मुख्य ऑफिसातून खाकी पाकिटात नवी पानं यायची. जुनं पान काढायचं, नवं घालायचं, जुनं फाडून टाकायचं, आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या नोंदीच्या पानावर बदलाचा क्रमांक, तारीख लिहून सही करायची. सही आहे म्हणजे पान बदललंय. पुढचा इंजिनियर त्या सहीवर विसंबून मशीन उघडायचा. नव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात बदलाचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असायचा.

एकशे बारा पानाच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. पानमोज्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. कोपरा कोरा. मग नोंदीचं पान उघडलं. बदल पाचवा, पान एकशे बारा व एकशे तेरा, पुढे तारीख, आणि निळ्या शाईत ऐटदार सही. सहीखाली दोन ठिपके. सव्वीसाव्या वर्षी त्यांना तसे ठिपके द्यायची हौस होती.

पानं मोजून हे कळायचं नव्हतं. जुनं काढून नवं घातलं काय किंवा जुनंच ठेवलं काय, आकडा तोच भरतो. दहा वर्षं हा माणूस बोटाला टोपी लावून पानं मोजत बसला होता.

आठवायला वेळ लागला नाही. शनिवार होता. टेबलावर बारा गिऱ्हाइकांची मॅन्युअलं आणि बारा खाकी पाकिटं. अकरा पुस्तकांची पानं बदलून झाली होती. चार वाजता सिनेमाच्या दारात एक मुलगी उभी राहणार होती, जी अजून बायको झालेली नव्हती, आणि उशीर केलात तर मी निघून जाईन असं तिने बजावून ठेवलं होतं. शेवटच्या पुस्तकात पानं सोमवारी घालू, असं म्हणून यांनी पाकीट खणात टाकलं, सही मात्र ठोकून टाकली. सोमवारी साहेबांनी तातडीने बाहेरगावी पिटाळलं. बारा दिवसांनी परत येतात तो टेबलाचा खण कुणीतरी साफ केलेला, पाकीट गायब. मुख्य ऑफिसला पत्र टाकलं असतं तर दुसरं पाकीट आलं असतं, पण मग सही आधी कशी केलीत, हे कुणीतरी विचारलं असतं. त्या गिऱ्हाइकाचं मशीन जुन्या बनावटीचं, त्याला जुनंच पान लागू होतं, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. पंचेचाळीस वर्षं काही बिघडलं नाही.

चोराच्या मनात चांदणं, तरी माणूस आशा सोडत नाही. पाचवा बदल किरकोळही असेल, एखादं स्पेलिंग सुधारलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण खात्री करायची तर ते सुटं पान असण्याची शक्यता एकाच माणसाकडे. पानमोज्यांनी अंगठेबहाद्दरला निरोप लिहिला, चार वेळा खोडला, आणि शेवटी लिहिलं, की आमची प्रत पडताळायची आहे, पाचव्या बदलाचं एकशे बारा पान असेल तर पाठवा. हेही खोटंच. दहा मिनिटांत फोटो आला. कोपऱ्यात अंगठा, नख काळवंडलेलं. पानाच्या मधोमध जाड चौकटीत छापलं होतं, की चार हजारांच्या पुढचा क्रमांक असलेल्या बोर्डांवर जंपर खालच्या जोडीवरच बसवावा. वर ठेवल्यास बारा व्होल्ट थेट मेमरीत जातील. बाईंच्या बोर्डांचा क्रमांक पानमोज्यांना पाठ होता. चार हजार दोनशेच्या पुढचा. फोटोखाली एकच ओळ होती: अजून काही लागलं तर सांगा, सर. टोमणा नाही, काही नाही. पानमोज्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हाच बाईंना फोन करायला हवा होता. सोमवार गेला, यांनी केला नाही. मंगळवारी बाईंचाच आला. कॉलेजने लेखी खुलासा मागितला होता, तो त्यांनी लिहिला होता, आणि सरांच्या कानावर घालावा म्हणून वाचून दाखवत होत्या. मॅन्युअलमध्ये कोणताही दोष नाही, ते अत्यंत काळजीपूर्वक जतन केलेलं आहे, बहुधा माझ्याकडून जंपर बसवताना दुर्लक्ष झालं, असं त्यात होतं. तुमच्या पुस्तकाचं नाव कुठे खराब व्हायला नको, म्हणून पहिलं वाक्य मुद्दाम घातलंय, असं त्यांनी सांगितलं. बरोबर आहे ना, सर?

पानमोज्यांचं तोंड उघडलं होतं. आता सांगायचं, असं त्यांनी खरोखरच ठरवलंही होतं. पण जन्मभर दुसऱ्याचं लिखाण तपासायची सवय जिभेला, आणि मनात भीती. या दोघींनी मिळून जे बाहेर काढलं ते असं: "खुलाशात 'बहुधा' चालत नाही, बाई. तो शब्द काढा."

बाईंनी थँक यू सर म्हटलं आणि शब्द काढला.

बुधवारी दुपारी जेवताना यांनी दुसऱ्यांदा ताट सरकवलं तेव्हा बायकोने विचारलं, कुठलं पान हरवलं? मग यांनी सगळं सांगितलं, मान वर न करता. तिने मधे तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर फक्त म्हणाली, की आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मी म्हण म्हणून ऐकलं होतं, घरात त्यालाच जेवायला वाढत होते ते माहीत नव्हतं. तो सिनेमा तिला आठवत होता. भिकार होता, मध्यंतरातच उठून आले होते दोघं. यांना वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही.

"ती सही सव्वीस वर्षांच्या पोराने केली," ती म्हणाली. "ती मी पोटात घातली असती. मंगळवारचं मात्र तुम्ही केलंत."

शुक्रवारी सकाळच्या बसने पानमोजे निघाले. जायला एक दिवस का लावला, तर गुरुवारी त्यांना ताप आला असं ते म्हणाले. बायकोने थर्मामीटर लावून पाहिला, ताप नव्हता. पिशवीत मॅन्युअल, अंगठ्यासकट छापून घेतलेलं पान, आणि कॉलेजच्या नावाने लिहिलेलं पत्र. फोनवर सांगायची छाती झाली नाही की समोर जाऊन सांगणं योग्य वाटलं, हे त्यांनाच नक्की ठरवता येईना.

बाई फाटकात घ्यायला आल्या. फोनवरच्या आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा बुटक्या, पांढरा कोट, कोटाच्या खिशात व्होल्ट बघायचा मीटर. सर स्वतः आले म्हणून त्यांना काय करू नि काय नको असं झालं. तशाच त्यांना खाली तळघरात घेऊन गेल्या. तळघर रिकामं होतं. भंगारवाला आदल्या दिवशीच येऊन गेला होता. जिथे मशीन होतं तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ, लांबट चौकोन, आणि कडेला चार बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेले. हे तेवढे मी मागून घेतले, बाई म्हणाल्या. आपण गुरुवारी आलो असतो तर? हा हिशेब पानमोज्यांनी तिथे उभ्याउभ्या केला, आणि पुढे अनेक दिवस करत राहिले.

बसायला एकच स्टूल होतं. त्यांनी बसायला नकार दिला, पुस्तक उघडून सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही सही माझी आहे. पान मी बदललं नव्हतं. तुमची काही चूक झालेली नाही."

बाईंनी छापील पान घेतलं, चौकट वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांनी विचारलं, "मंगळवारी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

बाईंनी पानाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

दोघं ऑफिसात गेले. पानमोज्यांनी क्लार्कपुढे आपलं पत्र ठेवलं आणि विनवलं, की बाईंचा खुलासा काढून त्या जागी हे घाला. क्लार्कने फाइल उघडली, शिक्का दाखवला. आवक क्रमांक पडलेला कागद फाइलमधून निघत नाही, असं तो समजावून म्हणाला. फार तर तुमचं पत्र त्याच्या मागे जोडतो. म्हणजे जो कुणी फाइल उघडेल तो आधी बाईंचा गुन्हा वाचणार, आणि पान उलटायचे कष्ट घेतले तर यांचा. जुनं काढून नवं घालायची सोय इथे नव्हती. त्याने पोचवहीत बोट ठेवून म्हटलं, इथे सही करा. पानमोज्यांनी ओळ दोनदा वाचली आणि सही केली, खाली ठिपके न देता.

फाटकापर्यंत बाई सोबत आल्या. त्यांनी चार खडे बोल सुनावावेत असं पानमोज्यांना मनापासून वाटत होतं. ते ऐकून खाली मान घालून घरी जाता आलं असतं. बाई रागावल्या नाहीत. खिशातला मीटर चाचपत त्या म्हणाल्या,

"बटण दाबायच्या आधी मी प्रत्येक वेळी मीटर लावते, सर. तीन वर्षांत कधी चुकवलं नाही. त्या दिवशी नोंदीच्या पानावर तुमची सही बघितली, आणि लावला नाही."

बस आली. बाईंनी पिशवी वर देऊन हात जोडले, आणि त्या कॉलेजकडे वळल्या.

शनिवारी पानमोज्यांनी ग्रुपवर सगळं लिहिलं, सहीपासून मंगळवारपर्यंत, एक शब्द न गाळता. अंगठेबहाद्दरला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून माफी मागितली. ते नाव त्यांना आधी भाचीकडून ग्रुपमध्ये शोधून घ्यावं लागलं. संध्याकाळी त्या माणसाचाच निरोप आला. तुम्ही एकशे बाराच मागितलंत, सर, बदलात एकशे तेराही आहे, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली फोटो. पानं मोजणाऱ्या माणसाने या वेळी मोजलीच नव्हती. त्याही पानाच्या कोपऱ्यात अंगठा होता. पानमोज्यांनी तो न कापता पान छापलं. मग नोंदीच्या पानावर जुन्या सहीखाली आजची तारीख लिहिली, पेन बाजूला ठेवलं, दोन्ही पानं पुस्तकात घातली, आणि त्यानंतर सही केली.